आमची वाटचाल : कोअर पेट्यांची साठवण आणि स्थलांतर, नागपूर

सुरुवात लाकडी कोअर पेट्या ठोकण्यापासून झाली. कोअर म्हणजे ड्रिलिंग करताना जमिनीतून निघणारा दगडाचा दंडगोल. उमरेड-वणीचा कोळसा, तुमसरकडचं मँगनीज, सगळ्यांचं ड्रिलिंग चालू, त्यामुळे पेट्यांना मरण नव्हतं. पुढे पेट्या हलवायची, सांभाळायची कामं आली.

मग ते प्रकरण झालं. एका कंपनीला तीन शेडमधले कोअर आणि लॉगच्या (कोणत्या खोलीला कोणता खडक, या नोंदींच्या) फायली एका गोदामात आणायच्या होत्या. आम्ही पेटी-पेटी उघडून नोंदवही केली : बोअरहोल (ड्रिलच्या भोकाचा) क्रमांक, पेटी क्रमांक, कुठून कुठवर खोली. रॅकसाठी कर्जही काढलं. काम मात्र टनामागे दर लावणाऱ्या दुसऱ्याच ठेकेदाराला गेलं आणि आमची नोंदवही त्याच्या हातात गेली. तिचा एक पैसा आम्हाला मिळाला नाही.

त्याने भर पावसात, झाकणाविना पेट्यांच्या थप्प्या लावल्या. खोलीचे ठोकळे (कोअरमध्ये खोली दाखवायला ठेवलेले तुकडे) निसटले, शेलचा (मऊ, पापुद्र्यांच्या खडकाचा) भुगा झाला. ठोकळा गेला की कोअर म्हणजे नुसते दगड. कोळशाचा थर कितव्या मीटरला लागला, हे सांगणार कोण?

इकडे आमचे रॅक रिकामे, बँकेच्या नोटिसा सुरू. त्या दिवसांत मँगनीजवाले एक भूवैज्ञानिक साहेब पाठीशी उभे राहिले. भिंग खिशात, खडू हातात. स्वतः पाहिल्याशिवाय पेटी उचलू द्यायचे नाहीत. मँगनीजचा कोअर वालुकाश्माच्या दीडपटीहून जड, म्हणून पेटीत एक ओळ कमी भरायची, हे त्यांनीच शिकवलं. आपल्या कंपनीचे सगळे कोअर त्यांनी आमच्याकडे ठेवले. आम्ही तगलो ते त्यांच्यामुळे.

पुढे ती पहिली कंपनी परत आली. गॅमा लॉग (भोकातल्या खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराचा खोलीनुसार आलेख) शेजारी उघडून, तुटलेल्या टोकाला टोक जुळवत आमच्या पोरांनी एकेका होलचा कोअर परत क्रमाने लावला. त्याचं शेवटचं बिल आजही अडकलेलं आहे.

नंतरची वर्षं कामात गेली. लाकूड वाळवी खाते म्हणून आता पत्र्याच्या पेट्या वापरतो.

या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना सांगतो : टनावर दर कधीच देऊ नका, पेटीवर द्या. एनक्यू मापाच्या (कोअरच्या जाडीचं एक ठरलेलं माप) कोअरची पाच मीटरची पेटी वीस किलोच्या वर जाते, ती दोघांनीच उचलायची. नंबर रंगाने लिहू नका, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोका. हलवण्याआधी प्रत्येक पेटीचा फोटो काढा. आणि जुने अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशा-लॉगच्या प्रती) उन्हात उघडू नका, आधी स्कॅन करा. त्यांची शाई उडते.