हॅक झालं म्हणाले, पण फोल्डर उघडाच होता

आमच्या भूजल प्रकल्पाची एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली आणि विभागात एकच शब्द सुरू झाला: हॅक. विहिरींच्या पातळ्या बाहेर गेल्या याचं मला काही नव्हतं, त्या प्रसिद्ध होणारच होत्या. पण शेवटच्या दोन रकान्यांत विहीरमालकांची नावं आणि मोबाइल नंबर होते. मी घरोघरी जाऊन, ओसरीवर बसून, "फक्त अभ्यासासाठी" असं सांगून घेतलेले.

सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ते झालं. सरांनी "सायबर हल्ला" असं लिहूनही टाकलं. पण हल्ला झाला कसा, हे सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगशिवाय (कोणती फाइल कोणी, कधी मागितली याची नोंद) कळणार नव्हतं, आणि लॉग संगणक विभागाकडे.

तिथे माझे एकवीस दिवस गेले. आधी "लॉग कशाला हवेत मॅडम?" मग अर्ज. मग अर्ज एचओडींमार्फत यायला हवा. मग ज्यांच्याकडे पासवर्ड ते रजेवर. मग माझा अर्जच सापडेना, दुसरा दिला. मी रोज सकाळी जाऊन उभी राहायचे आणि रोज तेच ऐकायचे, "उद्या बघू." पण लॉग उद्यापर्यंत थांबत नाहीत. बऱ्याच सर्व्हरवर जुने लॉग काही आठवड्यांत आपोआप पुसले जातात. या विचाराने मला झोप लागत नव्हती.

ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्रातून नोव्हेंबर २००९ मध्ये हजाराहून अधिक ईमेल बाहेर पडले. जुलै २०१२ मध्ये पोलिसांनी तपास बंद केला, तोवर गुन्हेगार सापडला नव्हता. तरी हल्ला बाहेरून, इंटरनेटवरून झाला एवढं ते ठामपणे सांगू शकले. आम्हाला तेवढंही सांगता येत नव्हतं, आणि तरी कागदावर "हल्ला" लिहिलेलं होतं.

शेवटी सर्ट-इनच्या त्याच निर्देशांची प्रिंट काढली. लॉग १८० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे, त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह हातात. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही "लॉग द्या" म्हणण्याआधी "लॉग पुसू नका" एवढं लेखी द्या आणि पोच घ्या.

लॉगमध्ये आमच्या फाइलच्या नावापुढे प्रत्येक ठिकाणी २०० हा आकडा होता. म्हणजे कोणी मागितली आणि सर्व्हरने दिली. पासवर्ड असता तर तो नसलेल्यांपुढे ४०१, म्हणजे "परवानगी नाही", दिसला असता. एकही नाही. सगळ्यांत आधी येऊन गेला होता गूगलचा बॉट, म्हणजे शोधासाठी वेबवरची पानं आपोआप चाळणारा प्रोग्रॅम. सहकाऱ्यांना उतरवून घेता यावी म्हणून आमच्यापैकीच कोणीतरी फाइल "दोन दिवसांसाठी" सर्व्हरवरच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवली होती आणि ती तशीच राहिली.

वेळेकडेही लक्ष द्या. पहाटे २:१२ बघून मला चोरीच वाटली होती. लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत होता. साडेपाच तास मिळवले तर सकाळचे ७:४२.

सर दोन दिवस बोलले नाहीत, पण अहवालातला "हल्ला" खोडून "निष्काळजीपणे उघडी राहिलेली फाइल" असं लिहिलं आणि सही केली. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आणि हो, फाइल सर्व्हरवरून काढली तरी गूगलच्या शोधातून ती लगेच काढायला वेगळी विनंती करावी लागते. हे मला एका विहीरमालक आजोबांना फोन केल्यावर आठवलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मग आता माझा नंबर तिथनं निघाला का, पोरी?"