टिक कुठे करायची?

आज डॉक्टरांकडे प्रौढांमधल्या एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चंचलपणा यांचा विकार) प्रश्नावली भरली. जागतिक आरोग्य संघटनेची, १८ प्रश्नांची. गेल्या ६ महिन्यांचा हिशोब, 'कधीच नाही'पासून 'अगदी वारंवार'पर्यंत ५ रकाने. कामातला अवघड भाग उरकल्यावर शेवटचं किरकोळ आवरणं रखडतं का, हा पहिलाच प्रश्न! बायको शेजारी खुदकन हसली. मी 'कधीकधी'वर टिक करणार, तोच म्हणाली, "बरेचदा लिही, बरेचदा!" मग डॉक्टरांनी तिलाच वेगळं बसवून विचारलं. (चांगलंच केलं म्हणा.)

आकडा जास्त आला म्हणजे निदान झालं असं नाही. अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हेही बघतात. म्हणून आईला जुनी प्रगतिपुस्तकं शोधायला सांगितलीयत. त्यातले शेरे तिला अजून तोंडपाठ आहेत.