लूप आत राहिला होता

रविवार, रात्री

आज काकू उलटल्या. उलटण्यात नवीन काही नाही, आमच्या कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्यांच्या, क्लबात दर रविवारी कुणी ना कुणी उलटतंच. पण त्यांना वर यायला जो वेळ लागला तो अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते आहे.

पाणी संथ होतं, वारा नव्हता. मुलांची तुकडी वळणापर्यंत जाऊन परत येत होती. काकू येऊ लागल्याला दोन महिने झाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांना स्कर्ट लावून बसवलं होतं. स्कर्ट म्हणजे कमरेला घालायचं जाड रबरी कापडाचं झाकण. त्याची कड कयाकच्या बसायच्या भोकाच्या काठावर ताणून बसवली की आत पाणी शिरत नाही. पुढच्या टोकाला एक पट्टा असतो, त्याला आम्ही लूप म्हणतो. होडी उलटली की हात पुढे न्यायचा, लूप पकडायचा, पुढे आणि वर ओढायचा. झाकण सुटतं, माणूस बाहेर.

तो स्कर्ट मीच बसवला. मागून सुरुवात केली, दोन्ही बाजूंनी कड ओढत पुढे आणली, पुढचं टोक अंगठ्यांनी दाबून बसवलं. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, खांद्याला धरून वर उचलून पाहिलं, जॅकेट हनुवटीपर्यंत सरकत नव्हतं. शिटी होती. "निघा काकू," म्हटलं आणि होडी ढकलली. लूप तेवढा पाहिला नाही. तो आत दुमडून राहिला होता.

धक्क्यापासून वीसेक हातांवर गेल्यावर त्यांनी मागे वळून मला काहीतरी विचारलं, आणि त्या वळण्यातच तोल गेला. पिवळा तळ वर आला. मी सवयीने मोजायला लागले. तीन, फार तर चारला डोकं वर येतं. पाच झाले. तळ हलत होता, आतून कुणी दार वाजवत असावं तसा. सहाला मी पाण्यात उडी टाकली, त्यापुढे मोजलेलं आठवत नाही. मी पोचायच्या आतच त्या बाहेर आल्या. नंतर सांगत होत्या, लूप मिळेना म्हणून भोकाच्या काठावरून हात फिरवत बाजूला नेला, तिथली कड चिमटीत धरून खेचली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं.

वर आल्यावर पहिलं वाक्य, "ते सापडेचना गं."

घरी येऊन कपडे वाळत घातले तरी ते वाक्य कानात आहे.

सोमवार

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आपण शिकवतो कसं, याचाच विचार डोक्यात घोळत होता.

आमच्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी पॅडल, म्हणजे वल्हं, कसं धरायचं, मग सरळ कसं जायचं, मग वळणं, मग थांबणं. उलटून बाहेर यायचं ते माणूस "जरा रुळल्यावर". क्लब सुरू केला त्या सरांनीच हा क्रम घालून दिला, आणि त्यांचं कारण खोटं नाही. पहिल्याच दिवशी नाकातोंडात पाणी गेलं तर दुसऱ्या दिवशी कोण येईल? माणसं टिकत नाहीत ही आमची जुनी चिंता आहे. दहा येतात, महिन्याभरात चार उरतात.

पण ते चार सोडून बाकीचे का जातात, हे आम्ही कधी नीट पाहिलं का? मी पाहिलंय. ते ताठ बसतात. उलटण्याची भीती ज्याच्या मनात आहे तो कंबर आवळून घेतो, पॅडल मुठीत गच्च धरतो आणि श्वास छातीतच ठेवतो. कयाकचं उलटं आहे. कंबर सैल ठेवली तर होडी खाली डुलते आणि वरचं अंग स्थिर राहतं. कंबर आवळली की होडी आणि माणूस एकच ओंडका होतात, मग साध्या लाटेवरही डोकं होडीच्या बाहेर जातं. डोकं बाहेर गेलं की तोल गेलाच. म्हणजे ज्याची भीती, तेच होतं. शिवाय हाताने ओढून ओढून खांदे दुखतात, कारण जोर खरं तर धड फिरवण्यात असतो आणि ताठ माणसाचं धड फिरत नाही. महिनाभर दुखऱ्या खांद्याने आणि धास्तावलेल्या मनाने कोण येणार?

उलटून बाहेर येणं पहिल्या दिवशी शिकवलं तर काही जण नक्की जातील. पण जे राहतील ते सैल बसतील. मला हे सरांसमोर मांडायचंय, आणि काकूंचं उदाहरण पुढे न करता मांडायचंय.

बुधवार

बैठक झाली. सर, मी, बोटशेड सांभाळणारे दादा आणि दोन मोठ्या मुली.

सरांनी आधी बंधाऱ्याचा विषय काढला आणि तो काढायलाच हवा होता. पाणी वाढलंय. वरच्या अंगाने येणाऱ्याला बंधारा दिसत नाही. दिसते फक्त पाण्याची एक सरळ रेघ, तिच्यापुढे काही नाही. आवाजही वरच्या बाजूला कमी येतो. खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पुन्हा बंधाऱ्याच्याच दिशेने मागे फिरतं, त्यात सापडलेली होडी, ओंडका, माणूस, सगळं तिथेच गोल फिरत राहतं. त्यात भर म्हणजे पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेटही हवं तेवढं उचलून धरत नाही. जो मोठा रॅपिड, म्हणजे खडकांवरून उसळणारा वेगवान प्रवाह, लांबून गर्जतो त्याला माणूस बिचकतो तरी. हा गप्प असतो. ठरलं असं की मोठ्या झाडाच्या पुढे, बंधाऱ्याच्या दिशेने, कुणीही जायचं नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा. काठावर लाल झेंडा आणि पाण्यात तरंगते डबे बांधायचे.

मग दादांची तक्रार. जॅकेटांवर बसू नका म्हणून ते घसा फोडून सांगतात आणि मुलं काठावर तीच खाली घेऊन बसतात. आतला फोम दबला की तो पुन्हा पूर्ण फुगत नाही. आमची जॅकेटं 50 न्यूटनची आहेत, म्हणजे साधारण 5 किलोचा उचल. पाण्यात बहुतेक माणसांचं वजन जेमतेम काही किलो भरतं, म्हणून तेवढ्यावर भागतं. पण त्यातला किलोभर बसून बसून गेला तर? दादांनी प्रत्येक जॅकेटला वजन बांधून पाण्यात टाकून पाहायचं ठरवलंय. जे बुडेल ते बाद.

मुलींपैकी धाकटी बराच वेळ गप्प होती. तिला कनू करायचंय, एका गुडघ्यावर बसून, एका पात्याच्या पॅडलने. कुणीतरी तिला म्हणालं की तो मुलांचा खेळ. ते ऐकून मी चिडलेच. कनू-कयाकच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये 1936 साली बर्लिनला आल्या आणि बायकांना कनूत उतरायला 2021 साल उजाडावं लागलं, टोकियोत. पंच्याऐंशी वर्षं! आता ते दार उघडलंय तर आपण आपल्या शेडमध्ये ते परत लावायचं का? गुडघ्याखाली घ्यायचा फोमचा ठोकळा कापून द्यायचं दादांनी कबूल केलं. ती हसली, मग पुन्हा गप्प बसली.

माझा विषय शेवटी आला. मी कंबरेचं, ताठ बसण्याचं सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी काय झालं ते तू का सांगत नाहीस?"

त्यांना कळलेलं होतं. मग मी सांगितलं. लूप मी पाहिला नाही, हेही सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "मग पहिल्या दिवशीच. माझ्यासकट सगळ्यांचं."

शनिवार

काकूंना फोन केला. उद्या सराव आहे, यावंसं वाटलं नाही तरी चालेल, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "बघते." त्या "बघते"चा अर्थ मला लागला नाही.

संध्याकाळी एका मुलाने विचारलं, ताई, आपण बाहेर का पडतो, रोल का नाही मारत? रोल म्हणजे होडीतून बाहेर न पडता, बसल्या जागी पुन्हा सुलटं होणं. प्रश्न चांगला होता. कयाक ज्यांची, ते आर्क्टिकच्या काठचे इनुइट शिकारी लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. तिथल्या पाण्यात होडी सोडली की माणूस फार वेळ टिकत नाही, म्हणून अंगातला कातडी अंगरखा होडीच्या काठाला बांधून टाकायचे आणि उलटले तर पॅडलने पाणी दाबून तसेच वर यायचे. ग्रीनलंडमध्ये आजही त्याच्या स्पर्धा होतात, तीसहून अधिक प्रकारे वर येऊन दाखवावं लागतं. त्यातला एक प्रकार पॅडल हरवलेल्याचा, नुसत्या हाताने. एकेक प्रकार म्हणजे एकेक अडचण. युरोपात तर 1927 साली ऑस्ट्रियाचा हान्स पावलाटा वर्णनं वाचून वाचून एकदाचा रोल शिकला.

त्याला एवढंच सांगितलं की रोल शिकवीन, नक्की शिकवीन. पण ज्याला बाहेर पडता येतं तोच पाण्याखाली घाई न करता रोल मारतो. बाहेर पडायची धास्ती असलेला डोकं आधी वर काढायला बघतो, आणि डोकं आधी वर काढलं की रोल फसतो. डोकं सगळ्यात शेवटी यायचं असतं.

रविवार

सगळे उलटले. सर पहिले, पासष्टीच्या पुढचे. छातीएवढं पाणी, दोघं जण दोन्ही बाजूंना उभे. पुढे वाकायचं, कपाळ होडीला टेकेल इतकं. उलटल्यावर तसंच राहायचं. दोन्ही हात बाहेर काढून तळावर तीन थापा मारायच्या. मग काठावरून हात पुढे न्यायचा, लूप, ओढ, हात कमरेपाशी, होडी पँटसारखी ढकलून काढायची. त्या तीन थापाच महत्त्वाच्या आहेत. बाहेर पडायला त्यांचा काही उपयोग नाही, पण पाण्याखाली डोकं खाली असताना तीन थापा मोजून मारता आल्या की माणसाला कळतं, आपल्याकडे वेळ आहे. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या थापा घाईघाईत, मशीनसारख्या पडल्या. तिसऱ्या खेपेला धप, धप, धप. कनूवाल्या मुलीने तर थापांच्या मध्ये अंगठा वर करून दाखवला.

बाहेर पडल्यावरचंही केलं. पाण्याने भरलेली होडी एकट्याने ओढू नका हे मी दरवेळी सांगते. दोनशे लिटर पाणी शिरलं म्हणजे दोनशे किलो झाले, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्याने आपली होडी आडवी आणायची, भरलेल्या होडीचं नाक उचलून आपल्या डेकवर घ्यायचं, पाणी ओतायचं, पुन्हा सुलटी करायची. तोवर पाण्यातल्याने होडी सोडायची नाही. मुलांनी पाचसहा वेळा केलं.

काकू आल्या होत्या. होडीत बसल्या नाहीत. सलवार-कुर्त्यावर जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि उलटणाऱ्यांच्या होड्या धरत राहिल्या, दोन तास. एकदा एका मुलाचा हात लूपवर पडेना तर त्यांनी पाण्याखाली हात घालून त्याचा पंजा धरला आणि लूपवर नेऊन ठेवला. ओढला मात्र त्यानेच.

मी त्यांना होडीत बसा म्हटलं नाही. सरही म्हणाले नाहीत.

निघताना त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. पोकळ, भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू, लिंबाएवढे, भडक नारिंगी. सुतळीही आणली होती. "लूपला बांधायचे," म्हणाल्या. "आत दुमडला तर बसवतानाच खाली गोळा लागेल. आणि पाण्यात काही दिसत नाही गं, पण हाताला गोळा लागतो." घरी बादलीत डोळे मिटून करून पाहिलं होतं म्हणे.

शेडमध्ये चौदा स्कर्ट आहेत. आम्ही दोघी बाकावर बसलो, दादांनी दिवा लावला. सुतळी काकूंनी आधीच भिजवून आणली होती. गाठ त्या मारत होत्या, मी चेंडू ओढून पाहत होते, सुटतो का. अकरा स्कर्ट झाले. तीन चेंडू कमी पडले, ते पुढच्या रविवारी आणते म्हणाल्या. त्या तीन स्कर्टांना मी लाल दोरा बांधून वेगळ्या खुंटीवर टांगलंय.