काबरं सोडं आप्पा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. हतनूर धरणाच्या काठावर बसा की भुसावळच्या टपरीवर उभे राहा, प्रश्न ठरलेला: "आयर्लंडात एवढी वर्षं सामनला (सॅल्मन माशाला) गळावर गांडूळ लावलं, मग काबरं सोडं आप्पा?" म्हणजे, का सोडलंत? विचारणारा उत्तरही खिशात घेऊनच येतो. गोऱ्यांनी शिकवलं असेल, पापाची भीती वाटली असेल, नाहीतर वय झालं असेल. यातलं काहीच नाही.

आधी एक गोष्ट. गांडूळ म्हणजे आळशाचं आमिष, असं तिकडचे गळाला आमिष म्हणून पिसांची खोटी माशी बांधणारे म्हणतात. त्यांनी गढूळ पाण्यात एकदा गांडूळ नीट चालवून दाखवावं. सामनला लागतं ते करंगळीएवढं जाड गांडूळ. पाऊस पडून गेला की रात्री ओल्या गवतावर वर येतं. लाल उजेडाची बॅटरी लागते आणि पाय हलके टाकावे लागतात, कारण जमीन हादरली की ते सर्रकन बिळात जातं. आणलं की लगेच लावायचं नाही. ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, चार-पाच दिवस थंड जागी ठेवायचं. पोटातली माती निघून जाते, कातडी चिवट होते आणि गळावर ते जास्त वेळ वळवळतं. आपल्याकडे गांडूळखताच्या बेडमधली बारीक तांबडी काढून नेतात. ती दुखावली की पिवळा वासाचा चीक सोडतात. त्यापेक्षा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली, कुजलेल्या खांबाखाली खणा. माठात ओलं गोणपाट घालून सावलीत ठेवा. मे महिन्यात एक दुपार ऊन लागलं तर माठ उघडल्यावर नुसता वास येईल.

पाणी चढलेलं असेल तर १/० नंबरचा मोठा गळ आणि दोन-तीन गांडुळं. पाणी उतरून नितळ झालं की ६ किंवा ८ नंबरचा लहान गळ आणि एकच गांडूळ. शिसं गळाच्या दीड-दोन फूट वर, पण मुख्य दोरीवर नाही. बाजूला एक कमजोर तुकडा बांधून त्यावर, म्हणजे दगडात अडकलं तर शिसंच तुटतं, बाकी सगळं परत येतं. प्रवाहाला आडवं, किंचित वरच्या अंगाला टाकायचं. शिसं तळावर टकटक करत खाली गेलं पाहिजे. एका जागी बसलं तर जड आहे, टकटक लागतच नसेल तर हलकं आहे. अर्धी विद्या एवढ्या टकटकीत आहे, आणि कोणी विचारत नाही ती हीच.

आता मुद्दा. समुद्रातून नदीत परतलेला सामन खात नाही. त्याचं पोट आक्रसलेलं असतं, अंगातल्या चरबीवर तो महिनोन् महिने काढतो. मग गांडूळ का धरतो? कोणी म्हणतं राग, कोणी म्हणतं लहानपणी याच नदीत किडे खाल्ल्याची सवय. कारण काहीही असो, तो कधी गांडूळ नुसतं चावून सोडतो, तर कधी थेट घशात ओढतो. म्हणून जुनी शिकवण अशी: टकटक थांबली, बारीक गचके आले की दोरी सैल सोडा, थांबा, गिळू द्या. मीही हेच शिकवत आलो. तुमच्यातल्या निम्म्यांना मीच शिकवलंय.

सप्टेंबर संपत आला होता. तिकडे बहुतेक नद्यांवर हंगाम ३० तारखेला संपतो. पूर ओसरत होता, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. १/० चा गळ, तीन गांडुळं, काठापासून दोन हातांवरचं संथ पाणी. टकटक थांबली, दोन गचके आले. दोरी सैल सोडली आणि वीस आकडे मोजले. मग ओढलं. मासा उडालाच नाही, नुसता जड होऊन तळाशी बसला. तेव्हाच कळायला हवं होतं. साडेचार किलोची मादी, अंग तांबूस, पोट अंड्यांनी तट्ट. ठेवायची नव्हतीच. तोंड उघडलं तर गळ दिसेना, दोरी सरळ घशात गेलेली, आणि कल्ल्यांतून रक्त. सामनचं काळीज घशाला लागूनच, कल्ल्यांच्या खाली असतं. अशा वेळी दोरी तोंडाशी कापायची आणि गळ आत राहू द्यायचा, हे माहीत होतं. तरी लांब चिमटा घातला. एवढं लोखंड आत ठेवून ती कशी जगेल, असं वाटलं. गळ निघाला, त्याच्याबरोबर बरंच काही निघालं. मग एक हात शेपटीच्या देठाला, एक पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. पंधरा मिनिटं. दोनदा कलंडली. तिसऱ्यांदा सरळ राहिली, हातातून गेली, आणि शंभर पावलं खाली उताणी वर आली. मादीच्या वजनात किलोमागे हजारावर अंडी धरतात. गुणाकार तुम्ही करा.

तेव्हाचा मी आजच्या मला सोडत नाही. म्हणतो, चूक गांडुळाची नव्हती, वीस आकड्यांची होती. गचका येताच दोरी ताणली असती तर गळ ओठात लागला असता. बरोबर आहे. उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला असता, गांडूळ घसरू नये म्हणून टोकावर सायकलच्या ट्यूबचा कपटा लावला असता, तर गळ सहज सुटला असता. तेही बरोबर. टोक आत वळलेला गोल गळ वापरता येतो. त्याला झटका द्यायचा नसतो, दोरी नुसती ताणत न्यायची, बहुतेकदा तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त त्यावर तीन गांडुळं कोंबली की टोक झाकलं जातं आणि सगळं फुकट.

पण लहान मासा वीस मोजायला थांबत नाही. समुद्राकडे निघालेली वीतभर पिल्लं पहिल्याच क्षणी गिळतात. अंडी घालून वाळलेले, वसंतात समुद्राकडे परतणारे सामन तर भुकेलेलेच असतात. ही दोन्ही सोडून द्यायची. म्हणून आयर्लंडात ज्या नद्यांवर मासा सोडणं बंधनकारक आहे, तिथे गांडूळ बंद आणि गळ बिनकाट्याचा. कोणती नदी मासा ठेवायला खुली, कोणती मासा सोडण्याची, कोणती बंद, ही यादी दरवर्षी बदलते. जाणाऱ्यांनी आधी ती बघावी, मला फोन नंतर करावा.

आणि हो, माशीवालेही फार शुद्ध नाहीत. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर गेलं की ओठात लागलेला मासाही दमून मरतो.

इथं मरळ किंवा वाम गळाला लागली की ती परत पाण्यात जात नाही. घरी जाते, कळण्याच्या भाकरीबरोबर संपते. गळ घशात गेला काय, ओठात लागला काय, तिला फरक नाही. म्हणून काबरं सोडं हा प्रश्नच चुकीचा आहे. गिरणेवर मी अजून लावतो, माठ ओसरीत आहे. सामनला लावेन का? खुली नदी, पुराचं पाणी, ठेवायचा मासा आणि गोल गळ एवढं जमलं तर कदाचित. मोजणार मात्र नाही.