कांदे तुडवणाऱ्यांच्या गावात

जर्मनीतल्या बाम्बर्गच्या लोकांना आजूबाजूच्या गावांत एक जुनं नाव आहे, ‘त्स्वीबेलट्रेटर’. म्हणजे कांदे तुडवणारे. मी एर्लांगेनला राहते. तिथून बाम्बर्ग गाडीने अर्धा-पाऊण तास. सहा वर्षांत कितीदा तरी जाऊन आले, पाहुण्यांना फिरवून आणलं, पण या नावाचा अर्थ मला नीट कळला तो या जुलैत, बाबांना घेऊन गेले तेव्हा.

बाबा निफाड तालुक्यातले कांद्याचे शेतकरी. उन्हाळ कांदा चाळीत भरला, काकांना सगळं समजावून दिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आले. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. अशा माणसाला खाण्याच्या आणि बिअरच्या वॉकिंग टूरला न्यायचं का, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी त्यांनाच विचारलं. म्हणाले, “बिअर तुम्ही प्या, मी गाव बघतो.”

माझ्या मनात धास्ती होती ती वेगळीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात अशाच टूरला गेले होते. दोन तासांत सहा दुकानं, कानाला लावलेलं यंत्र, प्रत्येक ठिकाणी चमचाभर चव आणि लगेच ‘चला पुढे’. सोबतच्या शाकाहारी मैत्रिणीला सहाही ठिकाणी नुसता पाव मिळाला. घरी आल्यावर आपण काय खाल्लं हेही आठवेना. म्हणून या वेळी आठच जणांचा गट, जर्मन भाषेतली टूर आणि तिथलीच जन्मलेली गाइड असं शोधून नाव नोंदवलं. बाबांसाठी भाषांतर मी करणार होते.

गाइड सत्तरीच्या घरातल्या बाई. भेटल्याबरोबर त्यांनी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले, काय खात नाही आणि काय पीत नाही. बाबांचं उत्तर ऐकून म्हणाल्या, “मग यांच्यासाठी आपण भाजीपासून सुरुवात करू.” आणि बिअरकडे न जाता त्या आम्हाला ग्र्युनर मार्क्टवर घेऊन गेल्या. ही तिथली भाजी मंडई. हातात त्रिशूळ घेतलेल्या नेपच्यूनचं कारंजं आहे, त्याला गावातले लोक ‘काटेवाला’ म्हणतात. शेजारी ठेले. एका ठेल्यावर बोटाएवढे वाकडे बटाटे होते, बाम्बर्गचे ह्योर्नला, म्हणजे छोटी शिंगं. आणि त्यांच्या बाजूला कांदे. आपल्यासारखे गोल नव्हेत, पेरूसारखे खाली फुगीर आणि वर निमुळते.

बाबांनी एक उचलला, मान दाबून बघितली, सालीवर अंगठा फिरवला. ठेलेवाली त्यांच्याकडे बघतच राहिली.

मग गाइडबाईंनी ते नाव सांगितलं. पूर्वी इथले माळी कांदा तयार व्हायला आला की पायांना फळ्या बांधायचे आणि वाफ्यातून चालत हिरवी पात आडवी पाडायचे. पात वाढायची थांबते, ताकद खाली कांद्यात उतरते. म्हणून कांदे तुडवणारे. बाईंनी पर्स माझ्याकडे दिली आणि मंडईतल्या फरसबंदीवर पाय फाकवून, जड पावलं टाकत चालून दाखवलं.

मी भाषांतर करायच्या आतच बाबा म्हणाले, “अगं, माना मोडतात त्या!”

आणि तेही पुढे झाले. आपल्याकडं निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणीला घ्यायचं, कुणी कुणी रिकामा ड्रम शेतातून फिरवून पाडतात, हे त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी न दिसणारा ड्रम ढकलत दाखवलं. बाई एकीकडून पावलं टाकत येताहेत, बाबा दुसरीकडून ड्रम लोटत. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि माझी गरजच उरली नव्हती.

तिथून पूल ओलांडून आम्ही माळ्यांच्या वस्तीकडे निघालो. १९९३ साली युनेस्कोने बाम्बर्गचं जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात टेकडीवरची बिशपची नगरी आणि नदीतलं बेट यांच्या जोडीने ही माळ्यांची वस्तीही आहे. म्हणजे भाजीचे वाफेसुद्धा वारसा. याचं मला फार अप्रूप वाटतं. रस्त्याकडून बघाल तर साधी, एकमेकांना चिकटलेली घरं, फक्त दरवाजे गाडी जाईल एवढे रुंद. एक दार उघडं होतं. आत बोळ आणि बोळाच्या पलीकडे, घरामागे, भर शहरात हिरवीगार पट्टी. बाबा म्हणाले, “वाड्याच्या दिंडीतनं मळा दिसावा तसं.”

इथे पूर्वी ज्येष्ठमध पिकायचं. आपल्याकडे घसा बसला की आजी जी काडी चघळायला देते तेच. त्याचं मूळ जमिनीत खोल जातं, आणि माळीकाम शिकणाऱ्या पोराला ते न तोडता अख्खं खणून काढावं लागे, ही त्याची परीक्षा असं सांगतात. मधल्या काळात ही लागवड बंद पडली होती, आता काही जणांनी पुन्हा सुरू केली आहे. बाईंनी पिशवीतून काडीचे तुकडे काढून सगळ्यांना वाटले. गटातल्या दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं. बाबांनी आपला तुकडा गालात धरला तो शेवटपर्यंत.

एका माळ्याच्या दारातच विक्री चालू होती. तिथे बाबांनी तो प्रश्न विचारला जो मला सकाळपासून अपेक्षित होता. “विचार त्यांना, भाव कोण ठरवतं?” त्या माळ्याने हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाला, “दारात विकतो तेवढ्याचा मी. बाकीच्याचा नाही.” मी सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघत काढलेल्या किती सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील, मला ठाऊक आहे. लहानपणी त्यातल्या काही मीही पाहिल्या आहेत.

मग बिअर. ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर फेसला आणि श्पेत्सियाल या दोन ब्रुअरी जवळजवळ समोरासमोर आहेत. फेसला १६४९ची, श्पेत्सियाल १५३६ची. आम्ही श्पेत्सियालमध्ये शिरलो. आत जाऊन बसायच्या आधी बोळासारखी जागा लागते, तिथे गावातले लोक उभ्याउभ्या एक ग्लास घेतात, दोन गोष्टी बोलतात आणि निघतात. इथे अर्धा लिटरला ‘झाइडला’ म्हणतात. झाइडला संपल्यावर अजून थोडी हवी असेल तर ‘श्निट’ मागायची, म्हणजे अर्धवट भरलेला शेवटचा ग्लास. टूरमध्ये बाई सगळीकडे छोटे ग्लास मागवत होत्या, कारण पुढे टेकडी चढायची होती.

बिअर कशी होते हे त्यांनी बाबांसाठी पहिल्यापासून सांगितलं. जव भिजवायचं, मोड आणायचे, मग वाळवून मोड थांबवायचे. “नाचणीच्या सत्त्वासारखं,” बाबा म्हणाले, आणि खरंच तिथपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत. फरक वाळवण्यात. पूर्वी उन्हात नाहीतर जाळावरच वाळवता यायचं, त्यामुळे जाळावरच्या सगळ्याच बिअरना धुराचा वास असायचा. सतराव्या शतकापासून धूर वेगळा ठेवून नुसत्या गरम हवेने वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि हळूहळू जगभरातून तो वास गेला. बाम्बर्गमध्ये श्पेत्सियाल आणि श्लेंकर्ला या दोन ब्रुअरींनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा जाळ सोडला नाही. हीच ती राउखबिअर, धुराची बिअर.

श्पेत्सियालचा धूर सौम्य. श्लेंकर्लाचा नाही.

श्लेंकर्लाला जाताना वाटेत जुनं टाउन हॉल लागतं, रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभं. बिशपने जमीन दिली नाही म्हणून लोकांनी नदीतच खांब रोवून बांधलं अशी दंतकथा आहे. भिंतीवर रंगवलेल्या एका देवदूताचा पाय चित्रातून खराखुरा बाहेर आलेला आहे, तो बघायला विसरू नका. कॅथेड्रल मात्र आम्ही खालूनच पाहिलं.

श्लेंकर्लाच्या घराचा उल्लेख १४०५ सालापासून सापडतो. लाकडी तुळया काळ्या पडलेल्या, टेबलं घासून गुळगुळीत झालेली, आणि बिअर लाकडी पिंपातून नुसत्या उताराने ग्लासात येते. रंग जवळजवळ काळा. ग्लास नाकाशी नेला की आधी धूर येतो आणि मग बाकी सगळं. गटातल्या एका मुलाने पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवला. इथे म्हणतात की तिसऱ्या झाइडलापासून ही आवडायला लागते. मला पहिल्याच वेळी आवडली होती, पण का ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. बाबांनी माझा ग्लास उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

“तुरीच्या काड्यांवर वांगं भाजल्यावर येतो बघ. भरताचा.”

माझ्या आजीचं माहेर जळगावकडचं. परसात काड्या पेटवून ती वांगी भाजायची आणि धूर आमच्या केसांत दोन दिवस राहायचा. चार हजार मैलांवर बसून मी तीच चव पीत होते आणि तिचं नाव बाबांनी सांगितलं.

जेवायला आला बाम्बर्गचा कांदा. मोठा कांदा कोरून आत डुकराचा खिमा भरतात, मंद शिजवतात, वर खरपूस बेकनची चकती आणि खाली धुराच्या बिअरचाच रस्सा. आपला भरला कांदाच म्हणा ना, फक्त शेंगदाण्याच्या कुटाच्या जागी खिमा. बाबा तो खिमा खात नाहीत. रस्सा बिअरचा आहे हे मी त्यांना आधीच सांगितलं, तर म्हणाले, शिजवल्यावर कसली बिअर. त्यांनी बाहेरची एक पाकळी तेवढी सोडवून घेतली, पावाला लावून खाल्ली आणि म्हणाले, “गोड झालाय. कांदा चांगला वापरलाय.” त्यांच्याकडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही. त्यांच्यासाठी बाईंनी बटाट्याचं सॅलड आणि ‘गेरुप्फ्टर’ आधीच सांगून ठेवला होता, चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका घालून केलेली पावावर लावायची चटणी. इथले लोक फ्रांकेन या प्रदेशाचे. तो आज बायरन, म्हणजे बव्हेरिया राज्यात मोडतो, पण त्यांना बायरनचं म्हटलेलं आवडत नाही. बिअरमध्ये फक्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी हा नियम बायरनने १५१६ला केला, बाम्बर्गच्या बिशपने १४८९लाच केला होता, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

तुम्ही येणार असाल तर एवढंच: गट लहान बघा, काय खात-पीत नाही ते नोंदणीच्या वेळीच कळवा, खिशात थोडी रोख असू द्या, आणि दगडी रस्त्यांवर चालता येतील असे बूट घाला. न पिणाऱ्यांनी तर जरूर या. बाबांना त्या दिवशी जेवढं मिळालं तेवढं आम्हा पिणाऱ्यांपैकी कुणाला मिळालं नाही.

शेवटी टेकडी चढून श्पेत्सियालच्या केलरवर गेलो. केलर म्हणजे तळघर, पण इथे लोक तळघरात जात नाहीत, तळघरावर जातात. फ्रिज नव्हते तेव्हा टेकडीच्या दगडात भुयारं खोदून बिअर गार ठेवायचे आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायचे. त्या झाडांखाली बाकं आली. बाबांनी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं ‘आप्फेलशोर्ले’ घेतलं, भुयारात हवा कशी खेळते, ओल धरते का, असं सगळं विचारून घेतलं आणि खाली पसरलेल्या लाल कौलांकडे बघत बसले.

साडेपाच झाले होते, म्हणजे घरी नऊ. त्यांनी काकांना फोन लावला. पलीकडून आधी चाळीची खबर आली, पाऊस आहे, कांदा अजून कोरडा आहे. बाबांनी ऐकून घेतलं. मग गालातली ज्येष्ठमधाची काडी काढून हातात धरली आणि म्हणाले, “ऐक, इथं माना पायानं मोडायचे. फळ्या बांधून.”

काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बाबा उठून उभे राहिले आणि फोन कानाला लावूनच, झाडांमधल्या मोकळ्या जागेत, जड पावलं टाकत चालू लागले.