आमची वाटचाल : दुसऱ्या घंटेला उचललेला फोन

“एटीएस०=१ एवढे टाइप करायचे पैसे कसले?” हा प्रश्न आम्ही मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या लाईनीवर जोडणारी पेटी, बसवून देण्याच्या धंद्याच्या पहिल्या दिवसापासून ऐकला. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमने रुळवलेल्या आज्ञा पुढे बहुतेक उत्पादकांनी उचलल्या, त्यामुळे एस० या रजिस्टरमध्ये, म्हणजे मोडेमच्या आकडे ठेवण्याच्या कप्प्यात, घंटांची संख्या लिहिली की मोडेम आपोआप फोन उचलतो आणि शून्य लिहिले की उचलत नाही, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडते. फोन लागला आणि फोन तुटला, या दोन्ही गोष्टी मोडेममागच्या संगणकाला कळाव्यात, यासाठी मात्र आम्ही रात्री जागवल्या आहेत.

आम्ही दोघा भागीदारांनी एक बाह्य मोडेम, लाईन तपासण्याचा हँडसेट आणि मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या तारा दिव्यांनी दाखवणारा पंचवीस पिनांचा ब्रेकआउट बॉक्स एवढ्या सामानावर सुरुवात केली. तो बॉक्स मी आजही हाताशी ठेवतो. घंटा आली की बाविसाव्या तारेवरचा दिवा लुकलुकतो, जोडणी झाली की आठव्या तारेवरचा लागतो, आणि संगणक तयार असेपर्यंत विसाव्या तारेवरचा, म्हणजे डीटीआरचा, दिवा लागलेला राहतो.

आमचे पहिले मोठे ग्राहक शीतगृहांचे मालक होते. त्यांच्या कार्यालयातला संगणक रोज रात्री प्रत्येक शीतगृहाला फोन करून तापमानाच्या नोंदी घेत असे. एका रात्री वीज गेली आणि परत आली, तेव्हा चार ठिकाणच्या मोडेमनी फोन उचललाच नाही. माझ्या भागीदाराने तिथे एस०=१ लिहिले होते, पण एटी&डब्ल्यू देऊन ते साठवायचे राहिले होते; संगणक पुन्हा सुरू होताना त्याने एटीझेड पाठवले आणि जुना साठवलेला शून्य परत आला. चूक आमची होती आणि ती मी त्याच दिवशी कबूल केली. तरीही बिल अडले, आणि मी मुदत ठेव मोडून पगार केले.

त्याच आठवड्यात एका प्रतिस्पर्ध्याने मालकांना सांगितले की आमचे मोडेमच टाकाऊ आहेत. त्याने नवे मोडेम बसवले, एस०=१ लिहून साठवले आणि पूर्ण पैसे घेतले. पुढे एकदा मालकांनी स्वतः घरून फोन लावला, तेव्हा संगणकाने नाव किंवा पासवर्ड न विचारता त्यांना थेट देखभालीच्या पडद्यावर नेले. रात्री अडीच वाजता त्यांनी मला उठवले. सकाळी मी टेलिफोनची वायर भिंतीतून काढली, तरी बॉक्सवरचा आठवा दिवा लागलेलाच होता. त्या गृहस्थाने &सी० तसेच ठेवले होते, म्हणजे जोडणी असो वा नसो, आठवी तार कायम चालू; म्हणून संगणकाच्या लेखी जोडणी कधीच तुटत नव्हती आणि आधीच्या माणसाचे अर्धवट सुटलेले काम पुढच्या फोन करणाऱ्याच्या हाती पडत होते.

मी &सी१ आणि &डी२ दिले, म्हणजे आठवी तार खऱ्या जोडणीपुरतीच चालू राहील आणि डीटीआर पडताच मोडेम फोन तोडेल; मोडेमने संगणकाशी नाहक बोलू नये म्हणून ई० आणि क्यू१ दिले, आणि एस०=२ ठेवले, कारण तिथे पहिल्या दोन घंटांच्या मधे फोन करणाऱ्याचा क्रमांक येत असे. नव्याने हे काम करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की एटी&व्ही देऊन सर्व आकडे डोळ्यांनी वाचा, मग साठवा, मग मोडेमची वीज काढून पुन्हा लावा आणि बाहेरून स्वतः फोन करा. &डी२ असताना डीटीआर खाली असेल तर मोडेम उत्तर देत नाही, तेव्हा मोडेमला दोष देण्याआधी विसावा दिवा पाहा.

मालकांनी अडलेले बिल चुकते केले आणि पुढे अनेक वर्षे आमची साथ सोडली नाही. त्यांच्या जुन्या, खरखरणाऱ्या लाईनींवर जोडणी जुळायला वेळ लागे, म्हणून आम्ही एस७=६०, म्हणजे जोडणीसाठी साठ सेकंद थांबण्याची आज्ञा, ठेवले होते. नंतर त्या प्रतिस्पर्ध्याने बसवलेले मोडेम दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा स्वच्छ लाईनींवरच्या मोडेमांतही, आमच्याच क्रमाने लिहिलेल्या आज्ञांमध्ये, तेच एस७=६० होते.