उथळ थरांचा दोष आणि खोल परावर्तनाचा आयाम

बडोद्यात खंभात खोऱ्याच्या सायझ्मिक नोंदींवर (जमिनीत सोडलेल्या आणि खालच्या थरांवरून परत आलेल्या तरंगांच्या नोंदींवर) काम करायला नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. एखाद्या परावर्तनाचा आयाम, म्हणजे परत आलेल्या तरंगाचा जोर, वाढलेला दिसला, की तिथे वायू आहे असे मानण्याआधी वरचे थर तपासावेत. लुणेजला १९५८ मध्ये तेल लागल्यापासून या खोऱ्यातले मोठे, ठळक साठे बहुतांशी शोधून झाले आहेत. राहिलेल्या लहान साठ्यांसाठी आयामातल्या बारीक फरकांवरच विसंबावे लागते, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

बुजलेले नदीपात्र किंवा उथळ वायूचा कप्पा, म्हणजे ज्यातून तरंग आजूबाजूपेक्षा कमी वेगाने जातात असा खडक (यालाच इथे दोष म्हटले आहे), त्यातून जाणाऱ्या तरंगांना बहिर्वक्र भिंगासारखा एकवटतो. मधल्या भागात आयाम वाढतो आणि कडांना घटतो. प्रवासवेळेत मात्र जेमतेम काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, कारण आयाम ठरतो तो तरंगमुखाच्या वक्रतेवर, आणि अरुंद अडथळ्यामुळे वेळ फारशी न बदलताही ही वक्रता पुष्कळ बदलते. शोषणाने आयाम फक्त कमी होतो. इथे तो वाढतोही, ही खूण लक्षात ठेवावी.

दोष नेमका कुठे आहे हे मिडपॉइंट (तरंगाचा स्रोत आणि तो टिपणारा जिओफोन यांच्यामधला मध्यबिंदू) आणि ऑफसेट (त्या दोघांमधले अंतर) यांच्या आलेखावर कळते. आइनार क्यार्टान्सन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात दाखवलेली इंग्रजी व्ही अक्षरासारखी आकृती तिथे उमटते. समजा, परावर्तक २,००० मीटरवर आणि दोष ५०० मीटरवर आहे. मग २,००० मीटर ऑफसेटला त्याचा परिणाम दोषाच्या दोन्ही बाजूंना ७५० मीटरवर दिसेल. दोष जमिनीलगत असता तर हे अंतर १,००० मीटर झाले असते. परावर्तकातच खरा बदल असेल, तर आकृती न पसरता सर्व ऑफसेटना एकाच मिडपॉइंटवर उभी राहते.

यामुळेच स्रोत आणि जिओफोन यांच्या जागेनुसार आयाम सारखे करण्याची नेहमीची पद्धत जमिनीलगतच्या दोषाला लागू पडते, पण खोल दोषाला नाही, कारण त्याचा परिणाम कोणत्याही एका स्रोताशी किंवा जिओफोनशी बांधलेला नसतो. एजीसी, म्हणजे आयाम आपोआप सगळीकडे सारखा करणारी प्रक्रिया, लावणे तर त्याहून घातक, कारण त्यात खरा वायूही पुसला जातो. योग्य उपाय म्हणजे दोष वेगाच्या प्रतिमानात (कुठल्या थरात तरंगांचा वेग किती, याच्या आराखड्यात) आणून तरंगसमीकरणावर आधारित, आयाम जपणारे मायग्रेशन (परावर्तने त्यांच्या खऱ्या जागी नेणारी प्रक्रिया) करणे, म्हणजे तरंग त्याच दोषातून उलट नेले जातात आणि एकवटलेली ऊर्जा पुन्हा मोकळी होते. मात्र प्रवासवेळांच्या टोमोग्राफीत (प्रवासवेळांवरून वेगाचे प्रतिमान काढण्याच्या पद्धतीत) स्मूदिंग, म्हणजे बारीक फरक गुळगुळीत करणे, जास्त ठेवले, तर शंभर-दोनशे मीटर रुंदीचा दोष प्रतिमानात उतरतच नाही; तेव्हा त्याची खोली त्या व्ही आकृतीच्या उतारावरून आणि रुंदी तिच्या बाजूंच्या जाडीवरून काढून प्रतिमानात स्वतंत्रपणे घालावी लागते.